पावडरचा बोर्ड : लांबी नंतर, पाय आधी

स्नोबोर्डच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पट्ट्यांचा, हप्ता आज व्हायचा होता. तो पुढे गेला, आणि त्याला कारण सौसरहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणारा संत्र्याची बाग सांभाळतो, वजन 92 किलो, पायात 10 नंबरचा बूट. गुलमर्गला जाऊन रीतसर कोर्स केलेला, दोन्ही कडांवर वळण घेता येतं, आता भाड्याच्या बोर्डाचा कंटाळा आलाय. प्रश्न एका ओळीचा आहे : "गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून पावडरमध्ये उतरायचं आहे, तर 162 घेऊ का 168?" खाली एक तळटीप : "आमच्याकडे बर्फ म्हणजे गारा, अन् गारा म्हणजे बहाराची वाट. दुकानात जाऊन विचारावं तर दुकान नाही."

पत्रात पायाचा नंबर आला तो ओघात. विचारलं आहे ते फक्त लांबीबद्दल. पांढुर्णा असो, पुणे असो की पॅरिस, पहिला बोर्ड घेणारा माणूस असंच विचारतो. दुकानदारही बोर्ड उभा करून हनुवटीला लावतो आणि "बरोबर आहे" म्हणतो. हनुवटीचा हा नियम आता बासनात बांधून ठेवायला हरकत नाही. बोर्डाला माणसाची उंची कळत नाही. त्याला वजन कळतं, आणि वजन ज्या दोन ठिकाणांहून येतं ते पाय कळतात.

ताज्या कोरड्या बर्फात, म्हणजे पावडरमध्ये, बहुतांश हवाच असते. असा एक घनमीटर बर्फ 50 ते 100 किलोच्या घरात भरतो. तेवढंच पाणी हजार किलोचं. आता सौसरच्या वाचकाला कपडे, बूट, पाठीवरची पिशवी धरून 100 किलो मानू. नुसत्या बुटांनी तो उभा राहिला तर सगळा भार जेमतेम 0.07 चौरस मीटरवर येतो, म्हणजे चौरस मीटरला चौदाशे किलोंच्या आसपास. कमरेपर्यंत रुतणार हे ठरलेलं. 162 सेंटिमीटरच्या बोर्डाचं क्षेत्रफळ साधारण 0.42 चौरस मीटर. भार एकदम सहाव्या हिश्श्यावर येतो. काळ्या मातीच्या शेतात रुतलेल्या चाकाखाली फळी सारली की गाडी निघते, तसाच हा प्रकार.

पण फळीने अर्धंच काम होतं. पावडरमध्ये थांबलेला बोर्डही बुडतोच; उरलेलं काम वेग करतो. पुढचं टोक थोडं वर असलं की समोरचा बर्फ बोर्डाखाली दाबला जातो आणि तोच बर्फ बोर्डाला वर लोटतो. टोक खाली गेलं की बोर्ड नांगरासारखा घुसतो आणि स्वार पुढे तोंडावर. म्हणून पावडरच्या बोर्डात कळीचा मुद्दा एकूण क्षेत्रफळाचा नाही. ते क्षेत्रफळ पुढे किती आणि मागे किती, यावर सगळं ठरतं.

ही गोष्ट उमगायला फार वर्षं लागली नाहीत. 1965 च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगॉन गावात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्याच्या बायकोने या जोडफळीला 'स्नर्फर' नाव दिलं. पुढच्या टोकाला दोरी होती, ती ओढून टोक सांभाळायचं. 1970 च्या दशकात दिमित्रिये मिलोविच याने युटामध्ये 'विंटरस्टिक' काढले. युटाचा बर्फ हलका आणि खोल. मिलोविचने शेपूट मधोमध चिरून दुभंगलं, पाकोळीच्या शेपटीसारखं. मागचं क्षेत्रफळ कमी झालं, शेपूट आपोआप खाली बसू लागलं आणि टोक न ओढता वर राहिलं. ज्या बर्फात उतरायचं त्या बर्फासाठीच त्याने बोर्ड कापला होता. 1998 मध्ये जपानच्या निसेकोत तारो तामाई यांनी 'जेंटेमस्टिक' सुरू केलं तेव्हा त्यांच्याही बोर्डांचं गणित तिथल्या होक्काइदोच्या बर्फावरून आणि झाडीतल्या वळणांवरून आलं. 1998 हेच नागानो ऑलिंपिकचंही वर्ष, स्नोबोर्डिंगचं ऑलिंपिकमधलं पहिलं. तिथे शर्यती आणि हाफपाइप चालू होते. तामाई यांचा रस्ता अगदीच वेगळा होता.

आज दुकानात मिळणाऱ्या फ्रीराइड, म्हणजे मोकळ्या डोंगरावर उतरायच्या, बोर्डांत हे सगळं दोन शब्दांत येतं : टेपर आणि सेटबॅक. टेपर म्हणजे शेपटीपेक्षा नाक जितकं जास्त रुंद तो फरक, एरवी 10 ते 25 मिलिमीटर. सेटबॅक म्हणजे दोन्ही पायांची जागा मधल्या रेषेपासून जितकी मागे सरकवलेली ते अंतर. दोन्ही टोकं सारखी असलेल्या ट्विन बोर्डावर पावडरमध्ये गेलं तर नाक वर ठेवायला सगळा भार मागच्या पायावर टाकावा लागतो. गुलमर्गवरच्या अफरवट शिखराच्या एका उतारात मागच्या मांडीचे असे काही गोळे होतात की संध्याकाळी जिना चढताना कठडा सोडवत नाही. गुलमर्गमधल्या भाड्याच्या बोर्डांत ट्विनच जास्त दिसतात, आणि सौसरकराचा कंटाळा त्यातूनच आलेला असणार.

आता रुंदी.

बोर्डाच्या माहितीत 'वेस्ट' म्हणून एक आकडा असतो; ती मधली, सर्वांत अरुंद जागा. पाय मात्र मध्ये नसतात, दोन्ही बाजूंना थोडे दूर असतात, आणि तिथे बोर्ड सेंटिमीटरभर जास्त रुंद असतो. पाय मोजायला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहावं, अंगठ्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करावी आणि शाळेच्या पट्टीने अंतर घ्यावं. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचा एक मोठा निघतो. स्नोबोर्ड बुटाच्या जिभेवर किंवा आत जो 'मोंडो' आकडा असतो तो म्हणजे पायाची हीच सेंटिमीटरमधली लांबी. 10 नंबरचा पाय साधारण 29 भरतो. बुटाचा बाहेरचा तळ त्याहून अडीच-एक सेंटिमीटर लांब, म्हणजे साडेएकतीस.

फ्रीराइडमध्ये पुढचा पाय 18–21 अंश नाकाकडे वळवलेला असतो, मागचा बराच सरळ, समजा 6 अंश. वळवलेला बूट आडवा कमी जागा घेतो. मागचा जवळजवळ पुरता 31.3 सेंटिमीटर घेतो. मग 25.5 सेंटिमीटर वेस्टच्या नेहमीच्या बोर्डावर, मागच्या पायाखाली 26.3 रुंदी धरली, तर दोन्ही बाजूंना बूट अडीच-अडीच सेंटिमीटर बाहेर. दीड ते दोन चालतात. अडीच नाही. शिवाय टेपरवाल्या बोर्डाचं शेपूट आधीच निमुळतं, आणि सेटबॅकमुळे मागचा पाय त्याच निमुळत्या भागाकडे सरकतो. म्हणजे पावडरसाठी केलेली प्रत्येक सुधारणा मोठ्या पायाच्या माणसाला याच जागी अडचणीत आणते. एवढं असून बोर्डाच्या जाहिरातीत हे कधी ठळक छापलेलं दिसत नाही.

पावडरमध्ये बूट बाहेर आला तर बर्फाला घासतो, वेग जातो, एवढंच. खरी भीती वरच्या धारेवर असते. अफरवटच्या खांद्यावर, म्हणजे चार हजार मीटरला थोडं कमी अशा उंचीवर, वारा बर्फ घासून कडक करून ठेवतो. गोंडोलातून उतरल्यावर हापतखुडच्या बाजूला किंवा दुसऱ्या धारेकडे जायचं तर आधी असा कडक पट्टा आडवा कापावा लागतो. तिथे बोर्ड कडेवर कलंडला आणि बुटाचं टोक बर्फाला टेकलं की कड उचलली जाते. कड उचलली की उतारावर धरायला काहीही उरत नाही.

म्हणून 26.5 सेंटिमीटर वेस्ट. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर बाहेर, ठीक. या रुंदीवर क्षेत्रफळही वाढलं, तेव्हा 168 ची गरजच उरत नाही. रुंद बोर्ड आखूड घेता येतो, याच हिशेबावर कंपन्या आता मुद्दाम आखूड-रुंद बोर्ड काढतात. जेरेमी जोन्स यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या कंपनीची दोन मॉडेल शेजारी ठेवली की दोन्ही टोकं दिसतात. 'हॉवरक्राफ्ट' आखूड, बोथट रुंद नाकाचा. देवदाराच्या झाडीत पटापट वळतो. 'फ्लॅगशिप' लांब, ताठ, वेगात मोठी वळणं घेणारा, मोकळ्या कुंडीसाठी, म्हणजे डोंगरातल्या वाटीसारख्या खोलगट उतारासाठी. जोन्स स्वतः बड्या पहाडांचे स्वार. 'डीपर', 'फर्दर', 'हायर' या त्यांच्या चित्रफिती पाहून पुष्कळ जण फ्लॅगशिपच्या जातीचा बोर्ड मागतात. उतार मात्र त्या चित्रफितींसारखे मिळत नाहीत.

गुलमर्गमध्ये काय मिळतं? गोंडोलाचा दुसरा टप्पा 2005 पासून मधल्या कोंगडोरी स्थानकाहून साधारण 900 मीटर वर नेतो. वरून कुंडी मोकळी, खाली जाड झाडी, आणि बाबा रेशी किंवा द्रंगकडे निघालं तर शेवटी सपाट पट्टे. स्कीवाला काठ्या टेकत निघून जातो. स्नोबोर्डवाला वेग हरवला की उभा राहतो, बोर्ड काढतो आणि मांडीपर्यंत रुततो. मग एकाने पुढे जाऊन वाट तुडवायची आणि बाकीच्यांनी मागून बोर्ड खांद्यावर घेऊन यायचं. या पट्ट्यांसाठी सिंटर्ड तळाचा बोर्ड घ्यावा. एक्स्ट्रुडेड तळ स्वस्त आणि डागडुजीला सोपा, पण सिंटर्ड तळ मेण जास्त शोषतो आणि जास्त पळतो. मेण न लावता वापरला तर मात्र ते पैसे पाण्यात गेले.

वाकाचं थोडक्यात. बोर्ड फरशीवर ठेवावा. मध्यभागी खालून कागद सरकत असेल तर तिथे कॅम्बर आहे. नाकाच्या बऱ्याच आधीपासून बोर्ड वर उचललेला असेल तर ते रॉकर. पायांखाली कॅम्बर आणि नाकाकडे रॉकर, हा जोड गुलमर्गच्या कडक धारेला आणि मऊ कुंडीला, दोन्हींना पुरतो. नाकापासून शेपटीपर्यंत सगळाच रॉकर असलेला बोर्ड जानेवारीच्या खोल बर्फात झकास, पण त्या वाऱ्याने घासलेल्या पट्ट्यावर तो पाय स्थिर राहू देत नाही.

शिवाय जानेवारी भरवशाचा राहिलेला नाही. जानेवारी 2024 जवळजवळ कोरडा गेला. 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीवरून मार्चवर ढकलावा लागला. मार्चचा बर्फ जड आणि उन्हाने दुपारपर्यंत चिकट होणारा. अशा वेळी फार मऊ बोर्ड डगमगतो. दहाच्या मापात सहा-सातचा ताठपणा 92 किलोच्या माणसाला योग्य. कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा बघूनच नक्की करावं.

तर सौसरला उत्तर असं : 162 च्या आसपास, 'वाइड', वेस्ट 26.5, टेपर 10 ते 15 मिलिमीटर, याहून जास्त नको. आणि बोर्डाच्या आधी बूट. बूट पायात घालून, त्याचा तळ पट्टीने मोजून मग बोर्ड. उलटं करणारे लोक बरेच आहेत आणि त्यांचे बोर्ड जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात.

त्याच्याही आधी बीकन, फावडं आणि प्रोब, म्हणजे हिमप्रपातात गाडलेल्याला शोधून काढायचं सामान, हे या लेखमालेत पुन्हा पुन्हा येतं आणि येणार. गोंडोलाच्या नियंत्रित कुंडीबाहेर पाऊल टाकलं की हिमप्रपाताची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. फेब्रुवारी 2023 मध्ये हापतखुडला दोन पोलिश स्कीयर गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन.

पत्रांच्या गठ्ठ्यात दुसरं पत्र पांढुर्ण्याचं आहे, आणि ते नेमकं उलट्या टोकाचं : मुलगी 52 किलोची, पाय 23.5, आणि मोठ्या भावाने "पावडरला रुंद बोर्ड चांगला" म्हणून स्वतःचा 26 वेस्टचा देऊ केला आहे. ताई, घेऊ नका. टाच आणि बोटं कडेपर्यंत पोहोचली नाहीत तर बोर्ड कडेवर घ्यायला प्रत्येक वळणाला घोट्याची सगळी ताकद लागते, आणि झाडीत वळण अर्ध्या क्षणाने उशिरा येतं. 24 च्या आसपासचा वेस्ट, लांबी 145 ते 149. बाइंडिंगही भावाची लागणार नाही. लहान मापाची घ्यावी लागेल, आणि त्या बाइंडिंगच्या मागच्या पट्टीचा कोन किती ठेवायचा इथूनच पुढचा हप्ता सुरू होईल.