पाचरीलाही शिक्का लागतो

फायटोचा, म्हणजे निर्यातीच्या मालाला लागणाऱ्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचा अर्ज या वेळी भरायला घेऊ, असं गेल्या आठवड्यात म्हटलं होतं. तो एक आठवडा पुढे ढकलतो. गेवराईच्या एका जिनिंगवाल्या वाचकांनी असा प्रश्न पाठवलाय की त्याचं उत्तर आधी दिल्याशिवाय फायटोतला उपचारांचा रकाना कळायचाच नाही. ते विचारतात, ‘आमच्या कापसाच्या गाठींच्या कंटेनरमध्ये गोळ्या ठेवून फ्युमिगेशन झालं, सर्टिफिकेटही हातात आहे. तरी सीएचए (कस्टम्सचा एजंट) लाकडाचं वेगळं का विचारतो? आम्ही तर पॅलेट वापरतच नाही.’

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाठी थेट कंटेनरच्या तळावर रचतात, पॅलेट लागत नाही, हे खरं. पण दाराजवळ थोडी जागा उरते. गाठी सरकून दारावर येऊ नयेत म्हणून कुणीतरी एक फळी आडवी ठोकतं, खाली दोन-चार ठोकळे घालतं, फटीत पाचर मारतं. हे लाकूड येतं कुठून? आवारात जे पडलेलं असेल ते. आपल्याकडे बहुतेक वेळा बाभळीचं, कधी आंब्याच्या जुन्या खोक्याची फळी, पुष्कळदा सालीसकट. भरणाऱ्याच्या लेखी तो टाकाऊ तुकडा असतो. परदेशातल्या बंदरावरचा तपासनीस मात्र त्याला डनेज म्हणतो, आणि लाकडी वेष्टनाच्या नियमात पेटी, पॅलेट, केबलचा रीळ आणि डनेज हे सगळं एकाच रांगेत बसतं. कच्च्या लाकडाचा ६ मिलिमीटरपेक्षा जाड कुठलाही तुकडा त्यातून सुटत नाही.

आता गोळ्यांबद्दल. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून साधारण १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. धान्यातल्या आणि मालातल्या किडीसाठी हे औषध चांगलंच आहे. पण लाकडी वेष्टनासाठी जगभर मान्य झालेल्या उपचारांत फॉस्फिन नाही. तिथे चारच गोष्टी चालतात : लाकूड तापवणं, मिथिल ब्रोमाइड, सूक्ष्मलहरींसारख्या विद्युत्-उष्णतेचा उपचार आणि २०१८ मध्ये मान्य झालेला सल्फ्युरिल फ्लोराइड. म्हणजे तुमच्या गाठींबरोबर ती पाचरही पाच-सात दिवस त्याच वायूत राहिली असली, तरी नियमाच्या दृष्टीने तिच्यावर काहीच उपचार झालेला नाही. गाठींचं सर्टिफिकेट गाठींपुरतंच.

एवढ्याशा लाकडाला इतकं का जपायचं, हे कळण्यासाठी एका भुंगेऱ्याकडे पाहावं लागेल. ऑगस्ट १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्रीनपॉइंट भागात रस्त्याकडेच्या मेपलच्या खोडांना गोल भोकं दिसली. आत होता काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा आशियाई भुंगेरा. चीनमधून मालाबरोबर आलेल्या कच्च्या लाकडाच्या पेट्यांमधून तो पोचला होता. १९९८ मध्ये तो शिकागोत सापडला. दोन्ही शहरांत हजारो झाडं तोडून, चुरा करून नष्ट करावी लागली. १९९८ संपण्याआधी अमेरिकेने चीनच्या लाकडी वेष्टनावर उपचार सक्तीचा केला. पुढे २००२ मध्ये सगळ्या देशांसाठी एकच मानक आलं. व्यापारात त्याला ‘इस्पम पंधरा’ (ISPM 15) म्हणतात.

या भुंगेऱ्याचं कूळ आपल्या बांधावरही आहे. बाभळीचं खोड पोखरणारा भुंगेरा त्याच लांब मिशांच्या घराण्यातला. द्राक्षबागायतदार त्याला खोडकिडा म्हणून ओळखतात. आंब्याच्या खोडातून भुसा बाहेर टाकणारं भिरूडही याच घराण्यातलं. अंबाजोगाईकडचे केशर आंब्याचे बागायतदार ते भोक पाहताच ओळखतील. मादी सालीत अंडी घालते, अळी आधी सालीखालचा भाग खाते, मग गाभ्याकडे बोगदा काढत जाते आणि महिनोन् महिने आतच राहते. फळी वरून गुळगुळीत दिसते, रंधाही मारलेला असतो, आणि आत अळी जिवंत असते. आपण नेमकी आंब्याच्या लाकडाची खोकी आणि बाभळीच्या पाचरी वापरतो. आपल्या बाभळीला हा भुंगेरा सोसतो, कारण इथे त्याला खाणारे पक्षी आहेत, त्याच्यावर जगणारे कीटक आहेत. दुसऱ्या देशात त्याला अडवणारं कुणी असेलच असं नाही. म्हणूनच हा नियम मला जाचक वाटत नाही. दुसऱ्याच्या झाडांची काळजी आपल्या गोदामात घ्यायची असते.

आता लाकडाची सगळ्यात चांगली गोष्ट सांगतो. त्याच्यासाठी सहसा कागद लागतच नाही. पॅलेट एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतं, दर फेरीला नवं प्रमाणपत्र कोण काढणार? म्हणून उपचाराची खूण लाकडावरच उमटवायची असं ठरलं. चौकटीत डावीकडे गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, उभी रेघ, मग देशाचा दोन अक्षरी संक्षेप, उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि उपचाराची खूण : तापवलेलं असेल तर एचटी, मिथिल ब्रोमाइड असेल तर एमबी. भारतासाठी संक्षेप आयएन. शिक्का शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवा. हाताने काढलेला चालत नाही, चिकटवलेलं लेबल चालत नाही, लाल आणि केशरी शाई टाळायची, कारण ते रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी आहेत. या शिक्क्याला मुदत नसते. गाठींच्या सर्टिफिकेटवरच्या तारखेला लोक २१ दिवसांचा हिशेब लावतात, तो शिक्का मारलेल्या पॅलेटला लावू नका. तुमच्याकडे जिनिंगची परदेशी यंत्रं लाकडी पेटीत आली असतील तर ती पेटी जाऊन पाहा. आपला देशही २००३ च्या आदेशानुसार येणाऱ्या लाकडावर हीच खूण मागतो.

साल हा माझा आवडता विषय, थोडं थांबतो. शिक्का मारलेल्या लाकडावर साल किती चालते? सालीचा तुकडा ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर कितीही लांब असो, चालतो. त्याहून रुंद असेल तर एकूण क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवं. असं मोजमाप ठरवण्यामागे कारण आहे. उपचारानंतरही सालीच्या मोठ्या तुकड्याखाली कीड नव्याने घर करू शकते. लहान तुकडा लवकर सुकतो, तिथे तिची वाढ पुरी होत नाही. मिथिल ब्रोमाइड वापरायचं असेल तर साल आधीच काढावी लागते, कारण वायू सालीतून नीट आत जात नाही. तापवताना मात्र ती आधी काढा वा नंतर.

तापवणं म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं. भट्टीचं तापमान नव्हे, गाभ्याचं, म्हणून लाकडात भोक पाडून आत तापमापक खुपसतात. मिथिल ब्रोमाइडची मात्रा हवेवर ठरते. २१ अंश किंवा जास्त असेल तर दर घनमीटरला ४८ ग्रॅम, १६ ते २१ च्या दरम्यान ५६, १० ते १६ मध्ये ६४, आणि १० अंशांखाली काम करायचंच नाही. २० फुटी कंटेनर साधारण ३३ घनमीटरचा. उन्हाळ्यात त्याला सुमारे १.६ किलो वायू लागतो, थंडीत २.१ किलो. वेळ २४ तास. गणतीला धरायचं ते त्या २४ तासांतलं सगळ्यात कमी तापमान. पौषातल्या रात्री बीडमध्ये पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. दुपारचं ऊन पाहून ४८ ची मात्रा लिहिणारा ऑपरेटर भेटला तर तिथेच थांबवा. आणि २० सेंटिमीटरपेक्षा जाड ठोकळ्याला हा वायू चालतच नाही, तो तापवावाच लागतो. हे काम मान्यताप्राप्त एजन्सीचंच. वायूला रंग नाही, सहसा वासही येत नाही, आणि तो माणसाला मारतो.

शिक्का नसला तर काय होतं? अमेरिकेत तर सहसा मालासह लाकूड परत पाठवायला लावतात, आणि नोव्हेंबर २०१७ पासून पहिल्याच चुकीला दंड होऊ शकतो. चाळीस रुपयांच्या पाचरीपायी अख्खा कंटेनर परतीच्या वाटेला लागतो.

म्हणून गेवराईकरांना माझा सल्ला : दाराजवळची जागा भरायला हवेची पिशवी वापरा किंवा प्लायवूड वापरा. प्लायवूड डिंक, उष्णता आणि दाबातून बनतं, त्याला शिक्का लागत नाही. मात्र प्लायच्या पेटीला आतून ठोकलेल्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्यांना लागतो, आणि तिथेच पुष्कळजण अडकतात. लाकूडच हवं असेल तर शिक्का असलेलं डनेज विकत घ्या, आणि कापलंत तर प्रत्येक तुकड्यावर पूर्ण शिक्का राहील असं कापा. भंगारातून घेतलेल्या शिक्क्याच्या पॅलेटची एखादी फळी बदललीत, तर नवी फळीही उपचार केलेली आणि स्वतःचा शिक्का असलेली हवी. एक तृतीयांशाहून जास्त फळ्या बदलल्या तर जुने शिक्के पुसून उपचार नव्याने. आणि कंटेनर बंद करण्याआधी दाराशी उभं राहून प्रत्येक लाकडी तुकड्याचा फोटो काढा, शिक्का दिसेल असा. ही सवय हमालांच्या मुकादमालाही लावा, कारण शेवटची पाचर तोच मारतो.

फायटोचा अर्ज पुढच्या आठवड्यात नक्की. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि आयात करणाऱ्या देशाच्या अटींचा कागद तेवढा जवळ काढून ठेवा.