वार्षिक अधिवेशनानंतरचं जेवण कुठे ठेवायचं? जागा ठरवण्याची सोपी पद्धत



संघटनेचं वार्षिक अधिवेशन म्हटलं की हॉल, बॅनर, पाहुणे, शाल-श्रीफळ, सगळ्याची यादी दोन महिने आधी तयार असते. रात्रीचं जेवण मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत "बघू रे, कुठेतरी करू" यावरच अडकलेलं असतं. मग कोणीतरी ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन लावतो आणि विषय संपतो. व्हिडिओमध्ये आपण हे पाच मिनिटांत बघितलं, इथे जरा सविस्तर बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे जेवण म्हणजे कार्यक्रमानंतरची पोटपूजा नाही. दिवसभर आपण खुर्चीत बसून भाषणं ऐकतो. खरी ओळख होते ती ताट हातात आल्यावर. लांज्याचा दुकानदार चिपळूणच्या होलसेलरला "उधारी किती दिवसांची देता?" हे माईकवर विचारत नाही, तो ते सोलकढी पिताना विचारतो. म्हणून जेवणाची जागा चुकली की अधिवेशनाचा अर्धा फायदा गेला असं समजा.

पहिला प्रश्न: कोण जेवायला थांबणार नाही?

सगळे विचारतात, "किती जण येणार?" तुम्ही उलटं विचारा. कोण थांबणार नाही, आणि का?

कारणं साधारण चारच असतात. परतीची गाडी नाही. खिशाला परवडत नाही. तिथलं जेवण चालत नाही. तिथलं वातावरण नको वाटतं. यातलं एकही कारण माणूस तोंडावर सांगत नाही. तो म्हणतो, "जरा काम आहे, निघतो." अध्यक्षांनाही वाटतं, खरंच काम असेल. जो छोटा दुकानदार अशा ओळखींसाठी वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून आला, तोच बहुतेक वेळा सगळ्यात आधी निघतो. जागा निवडताना डोळ्यासमोर त्याला ठेवा.

परतीचा रस्ता आधी, समुद्र नंतर

"सगळे रत्नागिरीत येतायत तर समुद्रावर ठेवू ना!" ही सूचना दर वर्षी येते. कल्पना छान आहे. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जाताना दिसणारा समुद्र बघून पाहुणे खूश होतात, यात वाद नाही. पण तेच वळणावळणाचे चढ-उतार रात्री साडेदहाला काळोखात उतरायचे असतात, तेही दिवसभर दमल्यावर. गणपतीपुळे शहरापासून साधारण २५ किलोमीटर आहे. चिपळूणच्या माणसाला घरी जायला अजून ९० किलोमीटर गाडी चालवायची आहे. राजापूरवाल्याला हातखंब्याला येऊन पुन्हा दक्षिणेकडे जायचं आहे.

रेल्वेने येणाऱ्यांचं वेगळं. आपलं रेल्वे स्टेशन कुवारबावला, शहराच्या बाहेर. कोकणकन्या किंवा तुतारीने मुंबईकडे जाणारा पाहुणा असेल तर मांडवीच्या जेवणातून उठून त्याला रिक्षा शोधत बसावं लागणार. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं, ते बघून घ्या.

म्हणून सोपा नियम: सभासद किती बाहेरगावचे, ते आधी मोजा. निम्म्याहून जास्त लोक त्याच रात्री परतणार असतील तर जागा मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव या पट्ट्यात बघा. निम्म्याहून जास्त मुक्कामी असतील तर समुद्राचा विचार जरूर करा. आणि मुक्कामी लोकांना समुद्र दाखवायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता भाट्ये किंवा मांडवीला ठेवा. उजेडात समुद्र दिसतोही जास्त.

ताटाचा दर आणि माणशी खर्च यात फरक आहे

हॉटेलवाला सांगतो तो ताटाचा दर. तुमच्या खिशातून जातो तो माणशी खर्च. उदाहरण बघा. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडचे आकडे घाला. माणसं ६०.

पर्याय एक, शहरातलं हॉटेल. ताट ४५० रुपये. ६० ताटांचे २७,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी १,३५०. एकूण २८,३५०. माणशी साधारण ४७३ रुपये.

पर्याय दोन, समुद्राजवळचं रिसॉर्ट. ताट ६५०. ६० ताटांचे ३९,०००, जीएसटी १,९५०, नेण्या-आणण्याच्या दोन मिनीबसचे १२,०००. एकूण ५२,९५०. माणशी साधारण ८८३.

पर्याय तीन, कार्यालय भाड्याने घेऊन वेगळा केटरर. ताट ३५०. ऐकायला सगळ्यात स्वस्त! जेवणाचे २१,००० आणि जीएसटी १,०५०. हॉलचं भाडं १२,०००, त्यावर १८ टक्के म्हणजे २,१६०. साफसफाई, पाणी वगैरे १,५००. एकूण ३७,७१०. माणशी साधारण ६२९.

बघा, ३५० चं ताट ४५० च्या ताटापेक्षा महाग पडलं. माणसं १५० असती तर हॉलचं भाडं जास्त लोकांत वाटलं गेलं असतं आणि हिशोब बदलला असता. म्हणून दुसऱ्या संघटनेने काय केलं ते विचारू नका, आपली संख्या घालून स्वतः मांडा.

बिलाबद्दल तीन गोष्टी दुकानदार म्हणून माहीत असू द्या. एक, जेवणाच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकला तरी इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे तो खर्चच धरा. दोन, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार हॉटेल सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू शकत नाही. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. वाढणाऱ्या मुलांना खुशीने काय द्यायचं ते वेगळं द्या. तीन, व्यवसायाच्या खात्यातून खर्च दाखवणार असाल तर एका दिवसात एकाच पार्टीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. तो खर्च आयकरात धरला जात नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या.

आणि पैसे कसे गोळा करायचे? जेवणाची वर्गणी वेगळी ठेवू नका. अधिवेशनाच्या नोंदणी फीमध्येच घ्या. वेगळी ठेवली की "मी फक्त सभेला येतो" म्हणणारे वाढतात, आणि ते कोण असतात हे वर सांगितलंच आहे.

ताटात काय आणि कोणासाठी

रत्नागिरीत जेवण म्हटलं की बाहेरच्या पाहुण्याच्या डोळ्यासमोर सुरमई येते. हरकत नाही. पण १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात मिरकरवाड्याचा ताजा मासा गृहीत धरून मेनू छापू नका. इतर वेळीही मासळीचा भाव आवक बघून रोज बदलतो. म्हणून हॉटेलवाल्याशी बोलताना "सुरमई" असं न ठरवता "दरात बसणारा त्या दिवशीचा चांगला मासा, तुकडा एवढा" असं ठरवा. तोही मोकळा, तुम्हीही मोकळे.

आता कॅलेंडर उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. शिवाय सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे कितीतरी असतात. अशा दिवशी मांसाहारी ताटाची संख्या निम्म्यावर येऊ शकते. तुम्ही मात्र पैसे सगळ्या ताटांचे भरलेले असता.

मुस्लिम सभासद मटण-चिकन हलाल आहे का हे बघणारच. ते तुम्ही आधी विचारून ठेवा आणि निमंत्रणात एका ओळीत लिहा, म्हणजे त्यांना वेटरला बाजूला घेऊन विचारावं लागणार नाही. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. अधिवेशनाची तारीख त्यात येत असेल तर इफ्तारची वेळ आणि जागा धरूनच कार्यक्रम लावा.

जैन सभासदांचं तर बहुतेक संघटना विसरतातच. मेनूत "जैन भाजी" लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण अनेक जण सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. रात्री साडेआठला तुम्ही कांदा-लसूण नसलेली कितीही चांगली भाजी दिलीत तरी ते उपाशीच राहणार. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे महिन्यात सातच्या. मग सभेचं शेवटचं सत्र साडेपाचपूर्वी संपवा आणि त्यांचं पूर्ण जेवण तेव्हाच, त्याच जागी लावा. चहासोबत बिस्किटं देऊन ते भागत नाही. अशी सोय करायला तयार असलेली जागा मिळाली तर दहा रुपये जास्त पडले तरी घ्या.

शाकाहारी आणि मांसाहारी काउंटर वेगळे हवेतच, वाढायचे डावसुद्धा वेगळे. पण बसायच्या जागा वेगळ्या करू नका. हॉल एकच ठेवा. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं, त्या काळात याच शहरात वेगवेगळ्या जातींच्या लोकांची सहभोजनं झाली. कोण कोणाशेजारी बसून जेवतो याला किती वजन असतं, हे रत्नागिरीला कोणी शिकवायला नको.

दारूचं काय?

हा प्रश्न कोणी मीटिंगमध्ये काढत नाही, म्हणून मी काढतो. संघटनेच्या अधिकृत जेवणात ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ती आली की जेवण साडेदहाला सुरू होतं, महिला सभासद नऊलाच निघतात, न पिणाऱ्याला पिणाऱ्याच्या बिलात भागीदार व्हावं लागतं आणि रात्री गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. ज्यांना बसायचं आहे ते नंतर आपापलं बसतील, आपापलं बिल देतील. बारला लागून असलेला हॉल घेणंही टाळा. नुसतं मधून चालत जावं लागलं तरी काही जणींना ते नको असतं.

जागा बघायला कधी जायचं?

दुपारी तीनला रिकामा हॉल बघून ठरवू नका. तेव्हा सगळेच हॉल चांगले दिसतात. तुमचं जेवण शनिवारी रात्री साडेआठला असेल तर शनिवारी रात्री साडेआठलाच जा. दोघं-तिघं जा, पैसे देऊन जेवा आणि एवढं बघा:

१. शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं का?
२. ६० माणसांच्या गाड्या कुठे लागणार? रस्त्यावर की आत?
३. लाइट गेली तर जनरेटरवर पंखेही चालतात, की फक्त दिवे?
४. महिलांचं स्वच्छतागृह वेगळं आणि स्वच्छ आहे का? हे महिला सभासदालाच बघू द्या.
५. वयस्कर सभासदांना जिने चढावे लागतात का?
६. उघड्यावर असेल तर पावसाची दुसरी सोय काय? लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, हे मालक स्वतःहून सांगतो का?
७. त्याच रात्री शेजारच्या हॉलमध्ये लग्नाचं रिसेप्शन आहे का?

एप्रिल-मे, दिवाळीची सुट्टी आणि ख्रिसमस ते ३१ डिसेंबर या काळात इथे पर्यटकांची गर्दी असते. अंगारकीला गणपतीपुळ्याचा रस्ता भरलेला असतो. या तारखा टाळल्या तर दरही बरा मिळतो आणि मालकाचं लक्षही तुमच्याकडे राहतं.

ठरवायचं कोणी?

ग्रुपवर "कुठे जेवायचं?" असं टाकू नका. चाळीस उत्तरं येतील आणि ज्यांना अडचण आहे ते एकही ओळ लिहिणार नाहीत. चार जणांची समिती करा: एक बाहेरगावचा, एक महिला सभासद, एक शाकाहारी आणि एक अगदी छोटा दुकानदार. त्यांनी दोन जागा निवडाव्यात, माणशी खर्च लिहावा आणि मग सगळ्यांना त्या दोनातून एक विचारावी. समितीतल्या कोणाच्या नात्यातलं हॉटेल असेल तर त्याने ते आधीच सांगावं. घेऊ नका असं नाही, पण सगळ्यांना माहीत असू द्या.

ठरलं की मालकाकडून एका कागदावर लिहून घ्या: ताटाचा दर करासह, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, वर किती ताटं ऐनवेळी वाढवता येतील, ताटं कोण आणि कशी मोजणार, पंगत किती वाजता सुरू होणार, अ‍ॅडव्हान्स किती आणि रद्द झालं तर परत किती. किमान ताटांचा आकडा नोंदणीपेक्षा थोडा कमी सांगा, कारण काही जण येत नाहीतच. हा कागद भांडणासाठी नाही. तो असला की भांडण होत नाही.

शेवटी एक काम सांगतो. मागच्या वर्षीची हजेरी काढा. सभेला कोण होतं आणि जेवायला कोण नव्हतं, ती नावं बाजूला लिहा. त्यातल्या पाच जणांना फोन करा आणि सरळ विचारा, "या वर्षी तुम्ही थांबावं म्हणून काय करू?" त्या पाच उत्तरांत तुमची जागा निम्मी ठरलेली असेल. उरलेली निम्मी कॅल्क्युलेटर ठरवेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसंही सांभाळा!