कुणाच्या आठवणी, कुणाचे बालपण?

शहरात एक रीत चांगली रुळली आहे. चित्रकार आपल्या बालपणाच्या आठवणी रंगवतो. आजोळचा वाडा, अंगणातला पारिजातक, उन्हाळ्याच्या सुटीतली आंब्याची अढी. प्रदर्शन भरते, चित्रे विकली जातात आणि आलेल्या पैशातला वाटा अनाथ, गरीब मुलांच्या संस्थेला जातो. यात वाईट काही नाही. पैसा मुलांपर्यंत पोचत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण ज्या मुलाच्या नावावर हा पैसा गोळा होतो, त्याचे बालपण त्या भिंतीवर कुठे असते? असलेच तर ते पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर. फाटका सदरा आणि केविलवाणे डोळे.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीत उभे राहून हा प्रश्न विचारला पाहिजे. अभ्यासक या गावी येतात ते चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर पाहायला. बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरींचे फोटो काढतात, त्यांच्यावर लेख लिहितात. याच मुलखातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी सांभाळायला म्हातारे माणूस नसेल तर पोरेही बिऱ्हाडाबरोबर निघतात. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या आसऱ्याला कोपीत संसार. पहाटेच्या थंडीत आई फडात उतरते, धाकटे पोर पाचटावर निजते आणि त्याच्याजवळ बसलेली आठ-नऊ वर्षांची बहीण त्याची आई होते. तिच्या शाळेच्या हजेरीपटावर त्या महिन्यांत रेघ ओढलेली असते. या मुलीलाही आठवणी आहेत. दगडातल्या सुरसुंदरीची नोंद ठेवणाऱ्या समाजाने हिची नोंद कुठे ठेवली?

आपल्या चळवळीने ती ठेवायला सुरुवात केली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली पुस्तकरूपाने आले. लहानपणीच आई-बाप गेलेले, बहिणीच्या आसऱ्याने वाढलेले, अर्धपोटी राहून शिकलेले हे पोर. आजच्या भाषेत सांगायचे तर 'अनाथ बालक'. पण त्याने स्वतःचे बालपण स्वतः लिहिले, कुणाच्या दयेसाठी नाही. आणि त्याला उभे कुणी केले? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाने. तिथे शिकलेला हा मुलगा पुढे प्राध्यापक झाला.

खुद्द बाबासाहेबांनीही बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली पोरे मसूर स्टेशनावर अडकली. जात कळताच गाडीवान मिळेना, रात्रभराच्या प्रवासात पाणी मिळेना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी लेखनातला हा प्रसंग वाचताना घसा कोरडा पडतो. पण बाबासाहेब वाचकापुढे हात पसरत नाहीत. ते साक्ष देतात. हे लेखन १९९० साली पुस्तिका म्हणून छापले तेही पीपल्स एज्युकेशन सोसायटीनेच. आठवण आणि वसतिगृह, पुस्तक आणि शाळा, ही आपल्याकडे एकाच घरातली भावंडे आहेत. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात मुलांचे वसतिगृह काढले, तेव्हापासूनची ही वाट आहे.

दुसरी वाट सिंधुताई सपकाळांची. गुरे राखणारी, शाळेसाठी आसुसलेली, 'चिंधी' म्हणून हाक मारली जाणारी पोर. हीच आपली कहाणी त्यांनी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितली, पदर पसरला आणि त्यातून अनाथ मुलांच्या संस्था उभ्या केल्या. २०१० साली त्यांच्यावर चित्रपट आला, २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्या कष्टापुढे मान लवतेच. तरीही विचारावेसे वाटते, की मुलाच्या ताटातली भाकरी सांगणाऱ्याच्या गळ्यावर आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यातल्या पाण्यावर का अवलंबून असावी? ज्याला सिंधुताईंसारखे बोलता येत नाही त्याच्या पोरांनी काय करावे?

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण हा २०१० च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या कायद्याने दिलेला हक्क आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना २०२१ साली जाहीर झाली. तेव्हा कलेतून गोळा झालेला पैसा सरकारची जबाबदारी माफ करण्यासाठी वापरला जाऊ नये. तो वापरायचा तर मधल्या खिंडारासाठी: वह्या, दिवा, चपला, मागे राहिलेल्या पोराला सांभाळणाऱ्या आजीच्या घरचे धान्य.

आणि हे धर्मापुरीसारख्या गावात करता येण्याजोगे आहे. टोळ्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे १४ एप्रिलच्या आगेमागे. जयंतीला डीजेवर किती उधळतो हे आपल्यालाच ठाऊक आहे. त्याबद्दल लिहिले की तरुण मंडळी रागावतात, रागावोत. त्यातले एका रात्रीचे पैसे बाजूला काढून पोरांना कागद आणि रंग द्यावेत. फड, कोपी, टायरगाडी, वाढ्याची मोळी त्यांनीच काढावी. ज्यांनी आयुष्य कोयत्यावर काढले त्या आयाबायांनी आपले लहानपण सांगावे, लिहिणाऱ्या मुलांनी ते उतरवून घ्यावे. ती चित्रे बुद्धविहारात लागावीत, नंतर अंबाजोगाईला, परळीला न्यावीत. चित्राखाली काय लिहायचे आणि चित्र विकायचे की नाही, हे त्या पोराने आणि त्याच्या आईने ठरवावे. पोराचा फोटो पावतीवर छापू नये. जमलेल्या पैशाचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि पैसा दसऱ्याच्या आत खर्ची पडावा. कारण दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी दारात येऊन उभी राहते.