काचेच्या हद्दीतील जखमी मासा

मासे पाळण्याचा छंद ज्यांनी काही वर्षे निष्ठेने जोपासला आहे, त्यांना एंजल माशांची एक हकिकत बहुधा परिचित असते. मूळचा अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला हा त्रिकोणी, संथ आणि अत्यंत देखणा मासा बाजारातून घरी येतो तेव्हा रुपयाएवढा असतो. अशी पाच-सहा पिल्ले महिनोन्महिने अंगाला अंग लावून हिंडतात, आणि मग वर्षाच्या आतबाहेर केव्हातरी त्यांतल्या दोघांची जोडी जमते. अंडी घालण्यासाठी ती जोडी एखादे उभे, रुंद पान किंवा फिल्टरची नळी निवडते, तोंडाने घासून स्वच्छ करते, आणि त्या दिवसापासून निम्म्या पेटीवर आपली वहिवाट सांगू लागते. उरलेल्यांपैकी जो दुर्बळ असेल तो पृष्ठभागालगतच्या एका कोपऱ्यात निश्चल उभा राहतो. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या असतात, बाजूचे चार-दोन खवले उडालेले असतात, आणि दाणे टाकले तरी तो पुढे येत नाही.

अशा वेळी मारणाऱ्या माशाला दुष्ट ठरवून पेटीचा मालक मोकळा होतो. परंतु हा न्याय उतावळा आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्या कोनराड लोरेन्झ यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सॉलोमन राजाची अंगठी’ या ग्रंथात कबुतराच्या कुळातील दोन पक्ष्यांचा प्रसंग नमूद केला आहे. शांततेचे प्रतीक मानले गेलेले हे पक्षी एका पिंजऱ्यात एकत्र ठेवले असता एकाने दुसऱ्याची पाठ सोलून काढून त्याला मरणोन्मुख केले. यावरून लोरेन्झ यांनी काढलेला निष्कर्ष मत्स्यपालकाने मनात कोरून ठेवण्याजोगा आहे: ज्या प्राण्यांना मोकळ्या सृष्टीत हरताक्षणी पळून जाता येते, त्यांच्या ठायी शरणागताला सोडून देण्याची उपजत प्रवृत्ती निर्माण होण्याचे कारणच पडलेले नसते. नदीत पराभूत मासा दोन-चार हात दूर गेला की मामला मिटतो. काचेच्या पेटीत हद्द संपते ती भिंतीशी, आणि विजेत्याच्या दृष्टीने तो पराभूत मासा अजूनही आपल्याच इलाख्यात उभा असतो. म्हणून माशाची जखम ही प्रथमतः आपण केलेल्या बंदोबस्तातील वैगुण्याची साक्ष होय, असे माझे ठाम मत आहे.

तथापि जखमीचा विचार आधी केला पाहिजे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी अधिक असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर झिरपू पाहतात. हा प्रवाह थोपवून धरणारा तट म्हणजे त्याची त्वचा आणि तिच्यावरचा बुळबुळीत श्लेष्माचा लेप. खवले उडाले की या तटाला खिंडार पडते, आणि रोगजंतूंचे भय पुढे असले तरी केवळ पाणी उपसण्याच्या श्रमानेच जखमी मासा थकून जातो. सुदैवाने निसर्गाने त्याला भरपाईची शक्तीही विलक्षण दिली आहे. जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत उघडी जागा झाकू लागतात आणि लहानशी जखम एका दिवसाच्या आत पातळ आवरणाने बुजते. परांचे काटे मुळापर्यंत तुटले नसतील तर फाटलेला पर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो, मात्र नवा भाग प्रथम काचेसारखा पारदर्शक दिसतो. आपले काम या शक्तीच्या मार्गातील अडथळे दूर करण्याचे आहे.

त्यासाठी वेगळ्या पेटीची तजवीज हवी. पंधरा-वीस लिटरची साधी काचपेटी, तळाशी वाळू नाही, आडोशाला मातीचे मडके किंवा पाइपाचा तुकडा, तीन बाजूंना कागद लावून मंद केलेला उजेड, आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर एवढे पुरते. पाणी मूळ पेटीतलेच घ्यावे आणि स्पंजही तिथेच काही आठवडे आधीपासून भिजत ठेवलेला असावा. कारण माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करणारे जीवाणू त्या स्पंजावर वस्तीला असतात, आणि कोऱ्या पेटीत त्यांची वस्ती बसण्यास चार-सहा आठवडे लागतात. तयार स्पंज नसेल तर रोज पाव ते तृतीयांश पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरिन हायपो या रसायनाने मारून घ्यावा आणि पाणी त्याच तापमानाचे असावे. मासा हलवताना जाळीत फाटके पर अडकतात, म्हणून तो वाडग्यात पाण्यासकट उचलावा.

औषधांचा मोह हा या छंदातील मोठाच शत्रू आहे. प्रथमोपचार म्हणून मीठ पुरेसे आहे: दर लिटरला एक ते तीन ग्रॅम खडे मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून, काही तासांत थोडे थोडे मिसळलेले. पाण्यातील क्षार वाढले की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि माशाचे श्रम हलके होतात. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच ते पुन्हा घालावे. काही मार्जारमत्स्यांना आणि पाणवनस्पतींना ते सोसत नाही, हे आणखी एक कारण मुख्य पेटीत ते न टाकण्याचे. दुकानात सर्रास हाती ठेवले जाणारे मिथिलीन ब्लू कापसासारख्या बुरशीवर उपयोगी पडते, परंतु उपरोक्त उपकारक जीवाणूंचाही ते संहार करते. शिवाय प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. कॉलम्नॅरिस हा जीवाणूंचा रोग हुबेहूब तसाच दिसतो आणि ऊन पाण्यात झपाट्याने पसरतो, तेव्हा ‘आजारी मासा म्हणून हीटर वाढवा’ हा सल्ला डोळे मिटून पाळू नये. ऊन पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच; आमच्याकडच्या वैशाखात हे ध्यानी ठेवलेच पाहिजे. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊच नयेत. पहिला दिवस खाणे न दिले तरी चालते.

मासा वेगळा काढण्यास आणखी एक कारण आहे. मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी विख्यात असलेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली असे दाखवून दिले की मिनो या लहान माशाची त्वचा फाटताच तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि अवघा थवा भयभीत होऊन पळ काढतो. आपल्या बार्बांच्या आणि गोल्डफिशांच्या कुळातही ही भीतीची वर्दी आढळते. म्हणजे जखमीचे दुःख पाण्यातून सोबत्यांपर्यंत पोहोचते.

आता मूळ पेटीकडे वळावे. शेताच्या बांधावरून भांडण जुंपते ते बांध नजरेसमोर असतो म्हणून, आणि माशांचेही तसेच आहे; एका टोकाकडून दुसरे टोक दिसते तोवर दुसऱ्याची प्रत्येक हालचाल अतिक्रमण ठरते. दगड, लाकडाचे ओंडके आणि दाट वनस्पती अशा रचाव्या की नजर तुटेल. मारकुट्याला काही दिवस बाहेर काढून त्या अवधीत सगळी मांडणी बदलावी. परतल्यावर त्याची जुनी वहिवाट उरलेली नसते. दाणे दोन ठिकाणी टाकावेत. टायगर बार्ब मात्र निराळ्या जातीचा अपराधी आहे. त्याला दोघा-तिघांच्या संगतीत ठेवले तर तो इतरांचे पर कुरतडतो, आठ-दहांचा थवा दिला तर त्याची कुरघोडी बहुतांशी थव्यातच जिरते. तरीही एंजल किंवा फायटर यांसारख्या लांब परांच्या माशांशेजारी त्याला ठेवू नये, आणि दोन नर फायटर तर एका पेटीत कदापि नकोत.

बरा झालेला मासा परत सोडायचा तो दिवे मालवल्यावर, नव्या मांडणीत, आणि मारकुटा परतण्यापूर्वी. एवढे करूनही जोडी ऐकत नसेल तर तिला स्वतंत्र पेटी द्यावी. जागा नसेल तर विक्रेत्याच्या किंवा मोठी पेटी असलेल्या छांदिष्टाच्या स्वाधीन करावी. दयाबुद्धीने मासे नदी-तलावात सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की हे करू नका. परका मासा नव्या पाण्यात कसा फोफावतो याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एंजलच्याच कुळातील तिलापिया मासा १९५२ साली खाद्यान्न म्हणून भारतात आणला गेला; आज उजनीच्या जलाशयावरील कोळी त्या कुळाला चिलापी म्हणून ओळखतात, आणि त्यांच्या जाळ्यांत तीच भरभरून येते.