करार संयुक्त राष्ट्रांत, नोंदवही ग्रामपंचायतीत

१८९, १९६ आणि २३.३. महिला आणि बालकांच्या हक्कांचा आजचा हिशेब मांडायचा तर या तीन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते.

पहिला आकडा ‘सीडॉ’चा. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे उच्चाटन करण्यासाठीचा हा करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. तो आज १८९ देशांवर बंधनकारक आहे. दुसरा आकडा २० नोव्हेंबर १९८९ च्या बालहक्क कराराचा. त्यात १९६ देश आहेत. मानवी हक्कांच्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कराराला इतकी मान्यता मिळालेली नाही. भारताने बालहक्क करार ११ डिसेंबर १९९२ रोजी आणि सीडॉ ९ जुलै १९९३ रोजी अंगीकारला.

तिसरा आकडा आपल्या घरचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातल्या २३.३ टक्के स्त्रियांनी सांगितले की, त्यांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के आहे आणि परभणी जिल्ह्यात ४८. दोन्ही करार बालविवाहाच्या विरोधात उभे आहेत, दोन्हींवर भारताची मोहोर आहे, तरीही परभणीत जवळपास दर दुसरी मुलगी अठराच्या आत बोहल्यावर चढली. करार आणि बोहला यांच्यामधले हे अंतर कशाने पडते, ते आकड्यांतूनच पाहता येते.

मान्यतेला जोडलेल्या अटी

किती देशांनी मान्यता दिली, एवढेच मोजून भागत नाही. अमेरिकेने सीडॉवर १९८० मध्ये आणि बालहक्क करारावर १९९५ मध्ये सही केली. संसदीय मान्यता मात्र एकालाही दिलेली नाही. बालहक्क कराराबाहेर राहिलेला संयुक्त राष्ट्रांचा तो एकमेव सदस्य देश आहे. आत आलेल्या देशांपैकी अनेकांनी मान्यतेसोबत अटी जोडल्या. भारत त्यांपैकीच एक.

सीडॉला मान्यता देताना भारताने दोन घोषणा केल्या. पहिली अशी की, रूढी बदलणे आणि विवाह-कुटुंबातली समानता याबाबत कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप केला जाणार नाही. दुसरी घोषणा कलम १६(२) बद्दल आहे. हे कलम तीन गोष्टी मागते: बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसावा, विवाहाचे किमान वय कायद्याने ठरावे आणि विवाहाची सरकारी नोंद सक्तीची असावी. भारताने नोंदणीचे तत्त्व मान्य केले. पण इतका मोठा देश, इतक्या चालीरीती, इतके धर्म आणि साक्षरतेची स्थिती पाहता ती सक्ती व्यवहार्य नाही, असे लेखी कळवले. बालहक्क करारातही बालमजुरीसंबंधीच्या कलम ३२ ची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करू, अशी घोषणा आहे.

आणखी एक दार आपण बंद ठेवले आहे. देशातले सगळे मार्ग संपल्यावर व्यक्तीला करारावर देखरेख करणाऱ्या समितीकडे थेट तक्रार करता यावी, यासाठी सीडॉचा १९९९ चा आणि बालहक्कांचा २०११ चा असे दोन ऐच्छिक पूरक करार आहेत. सीडॉचा पूरक करार शंभराहून अधिक देशांनी स्वीकारला; भारत दोन्हींत नाही. त्यामुळे भारतीय स्त्रीसाठी या करारांचा रस्ता देशातल्या न्यायालयांतूनच जातो.

१९९३ ची सबब, १९५३ चा कायदा

‘व्यवहार्य नाही’ हे कारण आपल्याच आकड्यांसमोर तपासून पाहू. १९९१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ५२ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्क्यांवर गेली. पाच वर्षांखालच्या बालकांची जन्मनोंदणी २००५-०६ मध्ये ४१ टक्के होती, २०१५-१६ मध्ये जवळपास ८० आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्के झाली. जो देश पंधरा वर्षांत जन्मनोंदणी दुपटीवर नेतो, त्याला लग्नाची नोंद झेपत नाही, हे पटणारे नाही.

१९९३ मध्येही ते पुरते खरे नव्हते. मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा कायदा १९५३ मध्येच केला आणि तो पुढे महाराष्ट्र व गुजरातला लागू राहिला. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्याजागी नवा कायदा आणला. गोव्यात तर विवाहाची नागरी नोंदणी पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे. म्हणजे दिल्लीने ज्या गोष्टीला अव्यवहार्य म्हटले, ती देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर चार दशके कायद्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ च्या सीमा विरुद्ध अश्वनीकुमार निकालात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हा अशा कायद्यांचा दाखला दिला आणि सीडॉचाही. त्यानंतर केंद्रीय कायद्यासाठी आणलेले विधेयक राज्यसभेत २०१३ मध्ये मंजूर झाले, पण लोकसभेच्या मुदतीबरोबर २०१४ मध्ये बाद झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७० व्या अहवालात तीच शिफारस पुन्हा केली. घोषणा मात्र आजही जागच्या जागी आहे.

महाराष्ट्रातल्या गावात ही नोंद कशी होते? ज्ञापनाचा अर्ज भरायचा, वधू-वरांच्या वयाचा व रहिवासाचा पुरावा आणि लग्नपत्रिका जोडायची. तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, लग्न लावणाऱ्या भटजी किंवा काझींचीही सही लागते. हा अर्ज जातो ग्रामसेवकाकडे, कारण गावात विवाह निबंधक तोच. जन्म-मृत्यूची नोंदवही त्याच्याकडेच असते आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच असतो. बालहक्क कराराचे कलम ७ जन्मताच नोंद मागते, सीडॉचे कलम १६(२) लग्नाची नोंद मागते. दोन्ही कलमे गावात एकाच टेबलावर येऊन पोहोचतात. मुलगी पंधराची आहे हे सांगणारे रजिस्टर आणि तिचे लग्न थांबवण्याचा अधिकार, दोन्ही एकाच माणसाच्या हाती आहेत. अडचण एवढीच की हा माणूस त्याच गावच्या सरपंचासोबत, त्याच पाव्हण्या-रावळ्यांत नोकरी करतो. लग्नाची पत्रिका त्यालाही आलेली असते.

५४ वरून २३.३

आकड्यांनी दिलासाही दिला आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे देशातले प्रमाण १९९२-९३ मध्ये ५४ टक्के होते. २००५-०६ मध्ये ते ४७.४ झाले, २०१५-१६ मध्ये २६.८ आणि २०१९-२१ मध्ये २३.३. पहिल्या तेरा वर्षांत जेमतेम सात अंकांची घट, पुढच्या दहा वर्षांत वीसहून अधिक अंकांची. मग वेग पुन्हा मंदावला. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये प्रमाण अजून ४० टक्क्यांच्या वर आहे, केरळात ६.३ आणि गोव्यात ५.८.

हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सर्वेक्षण २० ते २४ वयाच्या स्त्रियांना मागचे विचारते. म्हणून २०१९-२१ चा आकडा साधारण २०१३ ते २०१९ या काळात अठरा पूर्ण केलेल्या मुलींचा आहे. आज दहावीत असलेल्या मुलीचे काय होते आहे, ते पुढच्या फेऱ्यांतच उमटेल.

दुसरीकडे पोलिसांकडचे आकडे ठेवले की दरी दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली अख्ख्या देशात नोंदले गेलेले गुन्हे हजाराच्या आसपास होते. जिथे चारातली एक मुलगी अल्पवयात सासरी जाते, तिथे ही संख्या कायद्याच्या पोहोचेचे माप आहे. शिवाय २००६ च्या या कायद्यात बालविवाह आपोआप रद्द ठरत नाही. मुलीला फसवून, पळवून किंवा विकून लावलेल्या लग्नासारखे काही अपवाद सोडले, तर ज्याचे लग्न बालपणी लागले त्यानेच सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधी न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यायचे. सासरी नांदणाऱ्या, कडेवर मूल असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर हा भार टाकलेला आहे. कर्नाटकाने दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला, हरियाणानेही तो मार्ग धरला. महाराष्ट्राने अजून धरलेला नाही.

चौदा आणि अठरा

बालहक्क कराराच्या दृष्टीने अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक. आपल्या कायद्यांत मात्र बालपण दोन ठिकाणी संपते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयापुरता. बालमजुरीवर २०१६ च्या दुरुस्तीने घातलेली बंदीही चौदापर्यंतच. चौदा ते अठरामध्ये फक्त धोकादायक कामे निषिद्ध. मुलीच्या लग्नाचे वय मात्र अठरा. या चार वर्षांत मुलीला शाळेत ठेवण्याची सक्ती शासनावर नाही, तिला कामाला लावण्यावर पुरती बंदी नाही, आणि तिने अविवाहित राहावे ही अपेक्षा मात्र कायम आहे. बालविवाहाचा मोठा भाग याच फटीत घडतो.

बीड जिल्ह्यात ही फट उघड्या डोळ्यांनी दिसते. तिथले प्रमाण जवळपास ४४ टक्के. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी टोळी माणसांत मोजली जात नाही, कोयत्यांत मोजली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. आई-बाप पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर असताना आठवी झालेली पोर गावी ठेवायची कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न असतो. सोबत नेली तर उघड्यावरची कोपी, मागे ठेवली तर जिवाला घोर. लग्न लावले की काळजी मिटते आणि नवा कोयताही उभा राहतो. अशा घराला फक्त दोन वर्षांच्या कैदेची आणि लाखाच्या दंडाची भीती दाखवून हा व्यवहार थांबणार नाही. सीडॉच्या कलम १४ मध्ये ग्रामीण स्त्रियांचे श्रम, आरोग्य आणि शिक्षण यांची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे, ती अशाच घरांसाठी. कलम १६(२) ची अंमलबजावणी कलम १४ ला वगळून करता येत नाही. महाराष्ट्रात नोंदणीचा कायदा सत्तर वर्षे जुना असूनही परभणीत ४८ टक्के कसे, याचे उत्तर यात आहे.

करार चालतो, चालवला तर

यावरून कोणी म्हणेल, मग हे करार कागदीच. तसे म्हणणाऱ्याने १९९२ मधली भटेरी गावची घटना आठवावी. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या एका साथिनीने तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याची शिक्षा म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १३ ऑगस्ट १९९७ रोजी लागला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदा नव्हता. न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. कृपाल यांच्या खंडपीठाने सीडॉच्या कलम ११ चा आणि सीडॉ समितीच्या १९ व्या शिफारशीचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि संसद कायदा करेपर्यंत तीच कायदा मानावीत असे ठरवले. संसदेला त्यानंतर सोळा वर्षे लागली. २०१३ चा कायदा आला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती बंधनकारक झाली. मान्यतेपासून निकालापर्यंत चार वर्षे, निकालापासून कायद्यापर्यंत सोळा. करारात बळ असते. ते कोणीतरी मागावे लागते.

आता मागायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. केंद्राने कलम १६(२) वरची घोषणा मागे घ्यावी. ज्या कारणाने ती केली, ते कारण उरलेले नाही. विवाह नोंदणीचा एकच केंद्रीय कायदा व्हावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच वयाचा पुरावा ठरला आहे, त्यामुळे जन्माचे आणि लग्नाचे रजिस्टर जोडणे सोपे आहे. शिक्षणाचा हक्क चौदावरून अठरावर न्यावा. महाराष्ट्राने कर्नाटकासारखी दुरुस्ती करावी, आणि ऊसतोडीच्या हंगामात गावी राहणाऱ्या मुलींसाठी बारावीपर्यंतची वसतिगृहे परभणी, बीडच्या गरजेएवढी उभारावीत. बालविवाह रोखायला धावणाऱ्या ग्रामसेवकाला आणि अंगणवाडी सेविकेला तालुक्याचे पाठबळ मिळावे. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करणाऱ्या मुलीकडे त्याच दिवशी कोणी पोहोचावे.

२०३० पर्यंत बालविवाह संपवण्याचे ध्येय संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी २०१५ मध्ये स्वीकारले, त्यात आपणही आहोत. देशाला २६.८ वरून २३.३ वर यायला जवळपास पाच वर्षे लागली. याच चालीने गेलो तर शून्य गाठायला आणखी तीन दशके लागतील. आज अंगणवाडीत बसलेल्या मुली तोवर आया झालेल्या असतील. त्यांच्या मुलींसाठी हाच हिशेब पुन्हा मांडायची वेळ येऊ नये, एवढे बदल आताच्या एका दशकात करणे आपल्या हातात आहे.