चिक्की खाऊन वाळणं

लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान. गुळाचा पाक कच्चा राहिला की वडी दाताला चिकटते. नावही चीक, चिकट याच गोतावळ्यातलं असावं. पण धारवाडकडच्या गिऱ्हाईकबाई 'चिक्की' ऐकून हसतात. त्यांच्याकडे चिक्की म्हणजे आकाशातली चांदणी. शिवाय धाकटी मावशीसुद्धा चिक्कीच, कारण कानडीत 'चिक्क' म्हणजे लहान! तेलुगूची तर कमाल. 'चिक्किपोयावु' म्हणजे 'वाळलीस गं'. (आमच्या गुळावर कोण वाळतंय?) मराठी प्राकृताची लेक, कानडी-तेलुगू द्राविडी घरच्या. कानाला सारखं वाटलं म्हणून सोयरीक ठरत नाही. गिऱ्हाइकांशी सोयरीक जुळवली ती रुळांनी: 1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, आता हैदराबादच्या गाड्याही इथूनच जातात. तेलुगू गिऱ्हाईक मात्र पाव किलोवर कधी थांबत नाही.