टोकियो ते पोस्टाची खिडकी

पासपोर्टची निम्मी लढाई जामखेडातच होते, शाळेच्या दाखल्यावर. जपानात नोकरी लागलेल्या शेजारच्या मुलाचा अर्ज भरायला आम्ही ई-सेवा केंद्रात बसलो, तर आधारवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आणि दाखल्यावर नुसतंच नाव. तिथल्या पोराने स्क्रीनवरची नजरही न काढता सांगितलं, “काका, आधी हे सारखं करून आणा.” खरा वेळ गेला तो त्यात.

पुढचं सगळं भराभर झालं. ऑनलाइन दीड हजार भरले, तारीख मिळाली, पाऊणशे किलोमीटरवरच्या नगरच्या पोस्टातलं केंद्र गाठलं. मूळ कागद तपासले, बोटांचे ठसे घेतले, फोटो तिथेच काढला. खिडकीवरच्या बाईंनी नावाचं प्रत्येक स्पेलिंग त्याच्याकडून स्क्रीनवर वाचून घेतलं. मग पोलिसांची चौकशी, आणि पुस्तिका स्पीड पोस्टाने घरी.

पोस्टात पासपोर्ट, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 साली परराष्ट्र सेवेत गेले. पहिल्याच नेमणुकीत टोकियोत जपानी शिकले, पुढे मालदीवला उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. माझ्या लेखी त्यांचं मोठं काम मात्र दिल्लीतलं, अगदी शेवटच्या टप्प्यातलं. 2016मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले आणि पासपोर्ट खातं त्यांच्याकडे आलं. 26 जानेवारी 1989 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तोवर जन्मदाखल्याची सक्ती होती. त्या डिसेंबरात ती उठली. शाळेचा दाखला, आधार, पॅन चालू लागलं. घरी बाळंतपण झालेल्या आणि नोंद राहून गेलेल्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना याचं मोल विचारा! जानेवारी 2017मध्ये मैसूर आणि दाहोदच्या पोस्टांत पहिली केंद्रं उघडली. मंत्री सुषमा स्वराज होत्या; त्यांच्या पाठबळाशिवाय हे झालं नसतं, हेही खरं. मुळे 2018च्या अखेरीस निवृत्त झाले.

कुणालाही पन्नास किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असं तेव्हा स्वराज यांनी जाहीर केलं होतं. जामखेडकराला नगरसाठी आजही त्याहून लांब जावं लागतं. तालुक्याच्या पोस्टात निदान अधूनमधून शिबिर भरवायला काय हरकत आहे? तोवर वाचकांनी एवढं करावं: अर्ज भरण्याआधी घरातले सगळे दाखले शेजारी-शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.